फुकटचा बँड आणि दहाचा ठोका

नाताळ आणि नवं वर्ष यांच्या मधला शनिवार होता. गोव्यात, फोंडा तालुक्यातल्या एका गावात, शाळेच्या मैदानावर, डायलिसिसला जाणाऱ्या रुग्णांच्या गाडीभाड्यासाठी निधी उभारायचा कार्यक्रम होता आणि त्यात आमचा बँड वाजणार होता. मानधन न घेता. या गोष्टीला दोन वर्षं झाली. त्या संध्याकाळी काय काय झालं ते मी इथे सविस्तर मांडतो आहे, कारण तेव्हापासून तीन मंडळांनी आम्हाला ‘तुम्ही चॅरिटीला फुकट वाजवता ना?’ असं विचारलं आणि तिन्ही वेळा उत्तर द्यायला मला अर्धा तास लागला.

आधी आमच्याबद्दल. पाच जण, सगळे फोंडा-कुर्टी-बांदोडा भागातले. घरी कोंकणी, गाणी मराठी. मी दिवसा एका अकाउंटंटच्या ऑफिसात वह्या तपासतो आणि संध्याकाळी रिदम गिटार वाजवतो. आमच्यात एक घुमटवालाही आहे. घुमट म्हणजे मडक्याच्या तोंडावर चामडं चढवलेलं आमच्याकडचं वाद्य. चवथीच्या आरत्यांत हात तयार झालेला मुलगा, त्याला ड्रमच्या शेजारी बसवला आणि बँडला बँडचा आवाज सापडला.

मंडळ म्हणाल तर जुनं. जत्रेला दरवर्षी मराठी नाटक बसवणारं, वाचनालय चालवणारं. सेक्रेटरींना सगळा गाव भाई म्हणतो, आम्हीही भाईच म्हणतो. गावातला एक तरुण आठवड्यातून तीन वेळा डायलिसिसला जातो, प्रत्येक वेळी मशीनवर साधारण चार तास. उपचारांपेक्षा येण्या-जाण्यानेच घर बसलं, असं त्याचा भाऊ सांगायचा. अशी आणखी तीन घरं आसपासच्या वाड्यांवर निघाली. कल्पना भाईंची. नाताळची सुट्टी, मुंबई-पुण्याची चाकरमानी मंडळी घरी आलेली, चॅपेलच्या कॉयरला, म्हणजे गाणाऱ्या मंडळींनाही बोलवू, शेवटी बँड.

आमचं बोलणं भाईंच्या ओट्यावर झालं.

‘‘पैशांचं काय रे?’’

‘‘भाई, पैशांचं काही नको.’’

‘‘मग साऊंडची चिंता तुम्ही करू नका. नाटकाची सिस्टम आहे आमची, तीच लावू. तीही फुकट.’’

चहा झाला, आम्ही उठलो. संपूर्ण करार एवढाच.

फुकट म्हटलं की

आता मागे वळून बघताना दिसतं की पुढचं सगळं या दोन ‘फुकट’मधून आलं. पैसे घेऊन हॉटेलात वाजवतो तेव्हा आम्ही आठवडाभर आधी यादी पाठवतो: किती माईक, किती मॉनिटर (वादकाला स्वतःचा आवाज ऐकवणारे स्पीकर), विजेची लाईन कुठून, साऊंड चेक किती वाजता. इथे पाठवली नाही. फुकट वाजवणाऱ्याने वर अटी घालायच्या म्हणजे ते कसं दिसतं? भाईंनीही आम्हाला विचारलं नाही की तुम्ही नक्की किती वाजता येणार, किती वेळ वाजवणार. फुकट येणाऱ्याला वेळ विचारायची म्हणजे तेही कसं दिसतं? दोघेही एकमेकांचा मान राखत राहिलो आणि कामाचं कोणी बोललंच नाही.

एक गोष्ट मात्र आधी सुटली, ती माझ्या वह्या तपासायच्या खोडीमुळे. आमच्या यादीत सात गाणी दुसऱ्यांची होती, हिंदी सिनेमातली आणि इंग्रजी रॉक. ‘चॅरिटी आहे, लायसन्स कोण मागतो’ असा सूर होता. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये हौशी मंडळांना सवलत आहे हे खरं, पण ती प्रेक्षक पैसे न देता आले असतील तर, किंवा कार्यक्रम धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी असेल तर. आमचं तिकीट होतं २०० रुपये आणि निधी जाणार होता गाडीभाड्याला. दोन्हींत आम्ही बसत नव्हतो. इतरांची गाणी वाजवायची तर आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांच्या वतीने पैसे गोळा करणाऱ्या संस्थेचं, लायसन्स काढा, नाहीतर गाणी काढा. आम्ही गाणी काढली. आमची स्वतःची दहा आणि तुकोबांचा एक अभंग राहिला. अभंगाचे शब्द सगळ्यांचे, पण आजच्या एखाद्या संगीतकाराने लावलेली चाल त्याची असते. म्हणून चाल आमचीच.

तिकीट २०० ठेवण्यामागे दुसरंही कारण होतं. माणशी ५०० रुपयांपर्यंतच्या प्रवेशावर संगीताच्या कार्यक्रमाला जीएसटी लागत नाही. भाईंना ३०० करायचं होतं, तेही चाललं असतं. पण गावात चार माणसांचं कुटुंब १२०० काढताना विचार करतं.

साडेपाच ते नऊ

तिकिटावर वेळ साडेसहाची. आम्ही साडेपाचला पोचलो, चौघेच. लीड गिटारवाल्याला त्याच दुपारी कळंगुटच्या बाजूला एका ठिकाणी पैशाचं काम मिळालं होतं, ‘सातपर्यंत पोचतो’ म्हणाला. त्या आठवड्यात गोव्यातल्या वादकाला जे पैसे मिळतात ते वर्षात पुन्हा मिळत नाहीत. त्याला कोण काय बोलणार? तोही फुकटच येणार होता.

स्टेजवर मंडळाची सिस्टम लावलेली. दोन मोठे बॉक्स, बारा चॅनेलचा मिक्सर, वरून टांगलेले चार माईक. नाटकाला एकदम चोख. पण नाटकात नट एकमेकांना तसेच ऐकू शकतात. ड्रमच्या शेजारी उभा राहिलेला गायक स्वतःला ऐकू शकत नाही, त्याच्या पायाशी मॉनिटर लागतो. मॉनिटर एकही नव्हता. टांगलेले माईक चारी बाजूंचं ओढून घेणारे. ड्रमची पहिली थाप पडली आणि बॉक्समधून अशी शिट्टी निघाली की समोर खुर्च्या मांडणाऱ्या पोरांनी कान धरले.

त्याहून वाईट म्हणजे घूं. माझ्या गिटारचा अॅम्प (आवाज मोठा करणारा डबा) लावला की खालच्या पट्टीत एक अखंड घूं. कारण सापडायला वीस मिनिटं गेली: मिक्सरची लाईन शाळेच्या ऑफिसातून, अॅम्पची लाईन लाईटवाल्याच्या बोर्डावरून, आणि दोन्हीकडचं अर्थिंग केबलमधून एकमेकांना भेटत होतं. लाईटवाल्याने प्रामाणिकपणे उपाय सुचवला, ‘‘तो जाडा तिसरा पिन काढ ना, गप्प होईल.’’ गप्प होतं, हे खरं. पण तो पिनच वादकाला वाचवत असतो. स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवाला लेस्ली हार्वे १९७२ मध्ये स्वान्सीच्या स्टेजवर अर्थिंग नसलेल्या माईकला हात लागून विजेच्या धक्क्याने गेला. हातात तारा आणि ओठाशी माईक, दोघांमध्ये विजेला दुसरी वाट नसते. मी पिन काढू दिला नाही. त्यावरून लाईटवाला जरा रागावला, ‘‘इतकी वर्षं आम्ही असंच करतो’’ म्हणाला.

भाईंना बाजूला घेतलं. फोंड्यातल्या एका साऊंडवाल्याला फोन लावला. त्याचं सगळं चांगलं सामान किनाऱ्यावर गेलेलं, उरलेला एक छोटा कन्सोल, दोन मॉनिटर, साधे हातातले माईक आणि केबल-डबे घेऊन यायला तयार झाला. दर सिझनचा: चौदा हजार. भाई फोनकडे नुसते बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘येऊ दे.’’

साऊंडवाला सव्वाआठला आला. तोवर समोर कार्यक्रम सुरू झाला होता, म्हणजे सत्कार सुरू झाले होते. प्रमुख पाहुणे सात पस्तीसला आले. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पाहुण्यांची ओळख, देणगीदारांचा सत्कार, माजी अध्यक्षांचा सत्कार, मांडववाल्याचा सत्कार. शाली मी मोजल्या, तेवीस. (बँडच्या पाच जणांनाही एकेक होती. लीड गिटारवाल्याची शाल त्याच्या वतीने ड्रमरने घेतली, तेव्हा तो म्हार्दोळच्या पुढे कुठेतरी होता.) मग कॉयर. खरं सांगतो, संध्याकाळभरात नीट झालेली एकच गोष्ट म्हणजे ती वीस मिनिटं. चौदा माणसं, एक कीबोर्ड, दोन माईक, चार आवाजांत बांधलेली गाणी. कॉयरचे मास्तर सत्तरीचे. चर्चच्या संगीतशाळेतून नोटेशन शिकलेल्या ज्या गोंयकारांनी मुंबईचे ऑर्केस्ट्रे भरले, त्यांच्यापैकी एक त्यांचे काका. स्टेजवरून उतरताना त्यांनी मला विचारलं, ‘‘तुझ्या अॅम्पाक आवाज येता न्हू? आमच्या कीबोर्डाच्या बोर्डार लाय.’’ कीबोर्ड आणि मिक्सर एकाच बोर्डावर होते. अॅम्प तिथे लावला, घूं गेली. चौदा हजारांचं सामान येईपर्यंत कोणालाच हे सुचलं नव्हतं.

लीड गिटारवाला आठ पन्नासला पोचला. घामाने डबडबलेला, तशाच कपड्यांत.

शेहेचाळीस मिनिटं

नऊ वाजून चौदा मिनिटांनी आम्ही पहिलं गाणं सुरू करायच्या स्थितीत होतो. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्र म्हणजे दहा ते सहा, आणि उघड्यावर दहानंतर आवाज बंद. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं. आमची तारीख त्यात नव्हती. बीटवरचा हवालदार गेटजवळ खुर्ची टाकून बसला होता. चहा घेऊन गेलो तेव्हा प्रेमाने म्हणाला, ‘‘दहा म्हणजे दहा हां.’’

दहाच्या आधीही आवाजाला मोकळं रान नसतं, ही गोष्ट बहुतेक बँडना ठाऊक नसते. वस्तीच्या भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, आणि लाऊडस्पीकर लावला तर मैदानाच्या हद्दीवर त्याहून १० जास्त किंवा ७५, यांतलं जे कमी ते. म्हणजे ६५. ड्रमचा सेट माईकशिवायही मीटरभरावर सहज १०० पर्यंत जातो. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबल उतरतात. तेव्हा ६४ मीटरवर उरले ६४. आमच्या मैदानाची हद्द तेवढीही लांब नव्हती. नुसता ड्रमरच कोटा संपवतो! म्हणून त्याने त्या दिवशी काठ्यांऐवजी काड्यांच्या जुड्या वापरल्या, स्नेअर ड्रमवर हातरुमाल टाकला. कुरकुर केली, पण केलं.

खरा पेच वेळेचा होता. छापील कार्यक्रमात शेवटून दुसरी ओळ ‘रॉक बँड’, शेवटची ओळ ‘मदतीचं आवाहन व आभार’. नव्वद मिनिटांचा बँड, मग आवाहन. आता शेहेचाळीस मिनिटंच होती. आम्ही पूर्ण वेळ वाजवलं तर आवाहन दहानंतर, म्हणजे माईकशिवाय, उठून चाललेल्या लोकांच्या पाठीला. आणि आवाहनच नाही तर ही सगळी खटपट कशासाठी?

पडद्यामागे दोन मिनिटं बोलणं झालं, तीन मतं पडली. ड्रमर म्हणाला, आवाहन आत्ताच उरका आणि मग आम्हाला सोडा. भाई म्हणाले, शेवटी पाच मिनिटं ठेवू, जत्रेच्या नाटकात आभार शेवटीच असतात. माझं म्हणणं होतं की तासभर सत्कार ऐकून अवघडलेल्या माणसाकडे लगेच पैसे मागितले तर तो घड्याळ बघतो, आणि शेवटी मागितले तर चप्पल शोधतो. आधी तीन गाणी, लोक जागेवर आले की आवाहन, मग उरलेलं. वाद घालायला वेळ नव्हता. १९८५च्या लाइव्ह एड या मदतनिधीच्या कार्यक्रमात क्वीन या बँडने सगळं मिळून सुमारे २१ मिनिटं वाजवलं आणि लोक अजून त्याबद्दल बोलतात, असं मी ड्रमरला सांगितलं. तो म्हणाला, ‘‘आपण क्वीन न्हय रे.’’ तेही खरंच.

अकरा गाण्यांची आठ केली. लांबलेली लीड कापली, दोन गाण्यांमधलं बोलणं पूर्ण बंद. पहिली दोन गाणी अडखळत गेली, गायक मॉनिटरला सरावत होता. तिसऱ्या गाण्याला अभंग. घुमटाला एका तोंडावर चामडं असतं, दुसरं तोंड उघडं. पूर्वी घोरपडीचं चामडं चढवत. १९७२च्या वन्यजीव कायद्याने तिला संरक्षण आहे, म्हणून आता बकऱ्याचं. बकऱ्याचं चामडं डिसेंबरच्या दवात ढिलं पडतं आणि आवाज मडक्यासारखा बद्द येतो. आमच्या मुलाने सत्कारांच्या तासाभरात घुमट स्टेजमागच्या हॅलोजनसमोर धरून ठेवलं होतं, दर पाच मिनिटांनी टिचकी मारून बघत. अभंगात त्याने पहिली थाप दिली आणि मागच्या रांगांतल्या बायका, ज्या उठायच्या बेतात होत्या, खाली बसल्या. ते मी स्टेजवरून पाहिलं.

नऊ एकतीसला आम्ही थांबलो. रुग्णाचा भाऊ माईकवर आला. त्याला भाषण येत नाही, हे बरंच झालं. तो एवढंच म्हणाला की सोमवार, बुधवार, शुक्रवार पहाटे साडेचारला उठावं लागतं, दुपारी परतताना भाऊ गाडीत झोपलेला असतो, आणि गाडीवाला ओळखीचा असूनही किती वेळा उधार ठेवणार. दीड मिनिट. मंडळाची पोरं मदतीचे डबे घेऊन रांगांतून फिरली आणि त्या वेळात घुमट आणि बेस एवढंच मंद चालू ठेवलं. सगळं मिळून नऊ मिनिटं.

उरलेली पाच गाणी सलग. शेवटचं नऊ सत्तावन्नला संपलं, भाईंनी एका वाक्यात आभार मानले, साऊंडवाल्याने खटका पाडला. समोरून ओरडा आला, ‘‘घुमटाक माईक लागना रे, वाजय!’’ मुलाचा हात गेलाच होता. पण नियमात फक्त लाऊडस्पीकर नाही, वाद्यंही आहेत. त्याने घुमट पिशवीत घातलं. हवालदाराने लांबून हात वर केला.

हिशेब

भाईंनी सोमवारी वही माझ्याकडे पाठवली. तिकिटं ३१० खपली, ६२,००० रुपये. स्मरणिकेच्या जाहिराती ४०,०००. डबे २७,४५०. एकूण १,२९,४५०. खर्च असा: मांडव-स्टेज २८,०००, ऐनवेळचं साऊंड १४,०००, लाईट १२,०००, शाल-श्रीफळ-स्मृतिचिन्हं ११,५००, जेवण ९,८००, जनरेटर ९,०००, छपाई ७,२००. बेरीज ९१,५००. हातात राहिले ३७,९५०.

म्हणजे जमलेल्या शंभरातले एकोणतीस रुपये. त्यातही डब्यांचे साडेसत्तावीस हजार वगळले तर तिकिटं, जाहिराती, बँड, मांडव या सगळ्या व्यापातून साडेदहा हजार उरले. जाऊन-येऊन एका फेरीचे बाराशे धरा, ३१ फेऱ्या. चार घरांत वाटल्यावर तीन आठवडेही पुरे नाहीत. आणि बँड फुकट होता!

एका गृहस्थांनी डब्यात पाच हजार रोख टाकले होते. मंगळवारी ८०जीची, म्हणजे देणगीवर आयकरात सवलत मिळवायची, पावती मागायला आले. रोख दिलेल्या देणगीला दोन हजारांच्या वर ती सवलत मिळत नाही, आणि मंडळाची ८०जीखाली नोंदणीच नव्हती. सोसायटी म्हणून नोंद असली की ती आपोआप होते असं भाईंना इतकी वर्षं वाटत होतं. गृहस्थ सज्जन होते, काही बोलले नाहीत. या बाबतीत मोठमोठे अडकले आहेत. बीटल्सचे जॉर्ज हॅरिसन आणि पंडित रविशंकर यांनी १ ऑगस्ट १९७१ला न्यूयॉर्कमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी कार्यक्रम केला. दाराशी जमलेले सुमारे २,४३,००० डॉलर लगेच युनिसेफला पोचले. पण रेकॉर्ड आणि सिनेमाचे त्याहून कितीतरी मोठे पैसे करखात्यात वर्षानुवर्षं अडकले, कारण कार्यक्रमाआधी तो धर्मादाय म्हणून नोंदवून घ्यायचं राहिलं होतं.

आमच्या बँडमध्येही हिशेब झाला, जरा कडवट. लीड गिटारवाला म्हणाला, त्या रात्रीचं कळंगुटचं काम मी पूर्ण केलं असतं आणि मिळालेले आठ हजार सरळ डब्यात टाकले असते, तर जास्त मदत झाली असती. उत्तर सोपं नाही. आकड्यांनी बघितलं तर तो बरोबर आहे. पण बँड नसता तर तीनशे माणसं नऊ एकतीसला त्या मैदानात बसलेली नसती, आणि डबा कोणापुढे फिरवणार होतो? मी हे त्याला सांगितलं. तो म्हणाला, ‘‘मग मला साडेपाचला यायला कोणी का नाही सांगितलं?’’

पुढचा डिसेंबर

गेल्या वर्षी भाईंचा फोन आला तेव्हा मी आधी कागद पाठवला. दीड पान. पहिली ओळ: मानधन नाही. त्याखाली, त्या बदल्यात काय लागेल: साऊंड आम्ही सांगू तो, ऑक्टोबरात ठरवलेला, त्याचं भाडं कार्यक्रमाच्या खर्चात; सगळी लाईन एका बोर्डावरून; साऊंड चेक लोक यायच्या आधी. मग आम्ही काय देणं लागतो: पाचही जण चार वाजता हजर, त्या दिवशी दुसरं काम नाही, चाळीस मिनिटं, मधे आवाहन. लीड गिटारवाल्याने सही करायला दोन दिवस घेतले. केली.

भाईंनी चष्मा कपाळावर चढवून वाचलं. ‘‘एवढं तर पैसे घेणारी नाटक कंपनीही मागत नाही रे.’’

‘‘तिला तुम्ही न मागता देता, भाई.’’

ते हसले, सही केली, आणि स्वतःच्या हाताने खाली एक ओळ वाढवली: सत्कार एकूण दहा मिनिटं. साऊंड ऑक्टोबरात ठरवल्यामुळे साडेसात हजारांत मिळालं. कार्यक्रम बंद सभागृहात घेतला, तिथे आवाज आतल्या आत असेल तर दहाची अडचण येत नाही; भाडं गेलं, पण मांडव वाचला. देणगी क्यूआरवर, ८०जीची नोंदणी असलेल्या एका संस्थेमार्फत.

सत्कार तरीही पस्तीस मिनिटं चालले. शाली मात्र आठच होत्या.